इम्प्लांट असलेल्या मुलीला घेऊन इंग्लंडला येताना

तुमची बदली ठाण्याहून लीड्सला, सहा वर्षांच्या मुलीच्या उजव्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशनने बसवलेलं, ऐकण्याची नस चेतवणारं यंत्र), आणि प्रश्न असा की नवीन मशीन, म्हणजे बाहेरून लावायचा प्रोसेसर, मुंबईतच घ्यावं का. मिसेसच्या घशातल्या रिफ्लक्सच्या (पोटातलं ॲसिड घशात येण्याच्या) औषधाचंही विचारलंत, ते शेवटी. माझं मत विचाराल तर मशीनचं नंतर बघा, आधी मॅप, म्हणजे तिच्या कानासाठी मशीनमध्ये बसवलेलं सेटिंग, हातात घ्या.

सेंटर बदललं की सगळ्यात जास्त अडतं ते मॅपवर. ‘मॅपिंग केले, प्रतिसाद चांगला’ एवढ्या पत्राचा इथे इंग्लंडमध्ये काही उपयोग नाही. प्रत्येक इलेक्ट्रोडची (आतल्या कानातल्या तारेवरच्या बिंदूची) टी आणि सी लेव्हल, म्हणजे जेमतेम ऐकू येणारी आणि मोठी पण त्रास न देणारी पातळी (मेड-एल कंपनीचं असेल तर सीऐवजी एमसीएल), स्ट्रॅटेजी (आवाजाचे सिग्नल करण्याची पद्धत), पल्स रेट (सेकंदाला किती स्पंद) आणि इम्पीडन्स (इलेक्ट्रोडचा विद्युत रोध) छापून घ्या. सॉफ्टवेअरमधली फाइलही पेनड्राइव्हवर मागा. कोणते इलेक्ट्रोड बंद ठेवलेत आणि का, हे लिहून घ्याच. चेहऱ्याची नस चाळवते म्हणून बंद केलेला इलेक्ट्रोड नव्या ऑडिओलॉजिस्टने अजाणता चालू केला, तर आवाज आला की गाल उडतो, पापणी फडफडते, आणि मूल मशीन काढून टाकतं. मग सगळे म्हणतात, नव्या देशात आल्यामुळे हट्टी झालीय! मॅप पहिल्यापासून बसवायचा तर लेव्हल खालून हळूहळू चढवाव्या लागतात. तोवर मुलीला कमी ऐकू येणार, तेही शाळा नवी असताना.

सोबत ऑपरेशन नोट्स, सीटी-एमआरआयच्या सीडी, मशीन लावून काढलेला ऑडिओग्राम (किती ऐकू येतं त्याचा आलेख) आणि इम्प्लांटचं कार्ड ठेवा. एमआरआय किती टेस्लापर्यंत (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद) चालेल हे त्या मॉडेलवर ठरतं, म्हणून मॉडेल आणि सिरीयल नंबर दोन्ही हवेत. इम्प्लांट एडीआयपी या केंद्र सरकारच्या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेतून असेल तर वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग या श्रवणदोषावरच्या राष्ट्रीय संस्थेशी झालेला पत्रव्यवहारही जोडा. लसींची नोंद विसरू नका. इम्प्लांटमुळे मेनिंजायटिसचा (मेंदूच्या आवरणाच्या संसर्गाचा) धोका वाढतो, म्हणून न्यूमोकॉकलच्या नेहमीच्या लसीनंतर किमान ८ आठवड्यांनी २३ प्रकारांवरची लस देतात. राहिली असेल तर डॉक्टरांना विचारून निघण्याआधी उरका.

व्हिसासोबत हेल्थ सरचार्ज भरता (२०२४ पासून मोठ्यांना वर्षाला १,०३५ पौंड, मुलांना ७७६), त्यामुळे उपचार एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेतच होतात. आल्याबरोबर जीपीकडे (भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे) नाव नोंदवा आणि इम्प्लांट सेंटरसाठी रेफरल मागा. लीड्सला जवळचं म्हणजे ब्रॅडफर्डची यॉर्कशायर ऑडिटरी इम्प्लांट सर्व्हिस. तिकीट काढलंत की त्यांना ईमेल करून कागद पाठवून ठेवा. बाहेरून आलेल्या पेशंटसाठी निधीची मंजुरी लागू शकते, त्यात वेळ जातो. मुलांना दोन्ही कानांत एकाच वेळी इम्प्लांट, ही नाइसची (कोणते उपचार द्यावेत हे सांगणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेची) २००९ पासूनची शिफारस. पण तुमच्या मुलीच्या डाव्या कानाचं सेंटर तपासून ठरवेल, तेच गृहीत धरून येऊ नका.

शाळेसाठी कौन्सिलकडे (स्थानिक पालिकेकडे) ईएचसीपीचा, म्हणजे मुलाला शाळेत कोणती खास मदत मिळेल याच्या कायदेशीर आराखड्याचा, अर्ज पालक स्वतः करू शकतात. कायद्याने २० आठवड्यांची मुदत आहे, म्हणून पत्ता मिळाला की लगेच करा. टीचर ऑफ द डेफ (कमी ऐकू येणाऱ्या मुलांसाठीचे खास शिक्षक) आणि वर्गातला रेडिओ एड (शिक्षकांच्या माइकचा आवाज थेट मशीनमध्ये पोचवणारं उपकरण), दोन्ही नाव घेऊन मागा. घरी मराठी बंद करून फक्त इंग्रजी बोला, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. जी भाषा तुम्हाला सहज येते तीच तिच्या कानावर भरपूर पडू द्या.

आता मशीन. जुनं नीट चालत असेल तर केवळ बदलीसाठी नवीन घेऊ नका. घेणारच असाल तर वॉरंटी ब्रिटनमध्ये चालेल का, हे कंपनीकडून लेखी घ्या. दुसऱ्या कंपनीचं मशीन तुमच्या इम्प्लांटवर चालत नाही, हे ध्यानात असू द्या. त्यापेक्षा दोन जादा केबल, एक कॉइल (डोक्याला चिकटणारी चकती), माइक कव्हर, ड्राय बॉक्सच्या (मशीन कोरडं ठेवण्याच्या डबीच्या) कॅप्सूल आणि तीन महिन्यांच्या बॅटऱ्या आणा. सगळ्यात आधी तुटते ती केबलच. डिस्पोजेबल बॅटरी ६७५ नंबरची, पण पाकिटावर इम्प्लांट लिहिलेलीच घ्या. हिअरिंग एडची साधी ६७५ लवकर संपते. हे सगळं केबिन बॅगेत ठेवा, विशेषतः चार्जिंगच्या लिथियम बॅटऱ्या.

तुमच्या मिसेसच्या घशातल्या रिफ्लक्सबद्दल: पॅन्टोप्राझोल-डोम्पेरिडोनची एकत्र कॅप्सूल इथे चालू राहील असं धरू नका. डोम्पेरिडोन चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि छातीतल्या जळजळीसाठी आता देत नाहीत. शिवाय २०२१ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ब्रिटिश चाचणीत ३४६ जणांना १६ आठवडे लॅन्सोप्राझोल (पॅन्टोप्राझोलसारखीच ॲसिड कमी करणारी गोळी) किंवा औषध नसलेली खोटी गोळी दिली, आणि घशाच्या तक्रारीत दोघांत फरक पडला नाही. त्यामुळे जीपी ॲसिडची गोळी बंद करून बघू म्हणाले तर ते टाळाटाळ करताहेत असं समजू नका. अल्जिनेटचं (ॲसिड वर येऊ न देणारा थर करणारं) औषध फार्मसीत चिठ्ठीशिवाय मिळतं.