रात्रीची अट

सोलापूर

प्रिय पोरी,

काल फोनवर तुझा आवाज भरून आला होता. संध्याकाळनंतर लॅबमध्ये मुली नकोत, असं तुला सांगितलं गेलं. मला रात्रभर जीवरसायनशास्त्रज्ञ कमलाबाई सोहोनी आठवत राहिल्या. तेव्हाच्या कमला भागवत. १९३३मध्ये मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या या मुलीला बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटून बसल्या. शेवटी घेतलं, ते अटींवर: पहिलं वर्ष चाचणीचं, गाइड सांगतील तेव्हा रात्रीही काम करायचं, इतरांचं लक्ष विचलित होता कामा नये. तिला रात्री यायलाच हवं, तुला यायचंच नाही. अपमान तोच. त्याही तो विसरल्या नव्हत्या. तू उद्याच लेखी अर्ज दे, तोंडी बोलून परत येऊ नकोस.

पण बाळ, लोक दारातलीच गोष्ट सांगतात, आतली कोणी सांगत नाही. बंगळूरला गाइड श्रीनिवासय्यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. केंब्रिजला बटाट्यावर काम करताना पेशीच्या श्वसनात लागणारं सायटोक्रोम सी वनस्पतींतही असतं, हे त्यांनी दाखवलं. १९३९मध्ये पीएच.डी. झाली, विज्ञानात ती मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतात. प्रबंध जेमतेम ४० पानांचा! तुझी नुसती प्रस्तावनाच ३० पानं झालीय, ती निर्दयपणे काट.

परत आल्यावर मुंबईत त्यांनी नीरेवर, गरिबाच्या ताटातल्या कडधान्यांवर काम केलं. कच्च्या कडधान्यात ट्रिप्सिनला, म्हणजे प्रथिनं पचवणाऱ्या एन्झाइमला, अडवणारी प्रथिनं असतात, त्यामुळे खाल्लेली प्रथिनं नीट पचत नाहीत. उष्णतेनं या अडवणाऱ्या प्रथिनांचा जोर मोडतो. तुझी आई पावटा भिजवून मऊ शिजवते, त्यात केवढं रसायनशास्त्र आहे बघ.

रविवारी ऊन चढायच्या आत ये. पावटा आदल्या रात्री भिजत घालते. अर्धा कच्चाच वाटू, अर्धा उकडून. ट्रिप्सिन माझ्याकडे आहे. दुधाच्या पावडरीचं पाणी तीन नळ्यांत घेऊ: एकीत नुसतं ट्रिप्सिन, बाकी दोनांत त्याच्याबरोबर एकेका वाटणाचा अर्क. कोणती नळी निवळते, कोणती पांढरीच राहते, आणि किती मिनिटांनी, ते तू लिहायचं. वही नवी नको. तीच आण, ज्यात काल काही लिहिलं नाहीस.

तुझी
बाई