एमआरआयमध्ये नस दबलेली, एनसीव्ही मात्र नॉर्मल

प्रश्न : वय ४६, द्राक्षबागेचं काम. खताचं पोतं उचलताना कमरेत उसण भरली. तेव्हापासून डाव्या मांडीमागून पोटरीत आणि पायाच्या करंगळीपर्यंत कळ जाते, मुंग्या येतात. एमआरआयमध्ये एल-५ व एस-१ (कमरेचा शेवटचा आणि त्याखालचा मणका) यांच्यामधली चकती सरकून नस दबल्याचं दिसतं. पण पाचव्या दिवशी केलेली एनसीव्ही (नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी चाचणी) नॉर्मल आली. खरं काय मानायचं?
– एक बागायतदार, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : दोन्ही रिपोर्ट खरे असू शकतात. नेहमीच्या एनसीव्हीत संदेशाचा वेग मोजतात तो गुडघ्याखाली. तुमची नस दबली आहे मणक्यापाशी. शिवाय संवेदनेच्या तंतूंच्या पेशी ज्या गाठीत असतात, तिच्याही आतल्या, मज्जारज्जूकडच्या बाजूला चकतीचा दाब पडतो. पेशी आणि तिथून पायात उतरलेले तंतू शाबूत राहतात. म्हणून करंगळी बधिर असूनही तिथल्या सुरल नसेचा आलेख चांगला येतो.

तुमच्या दुखण्याला उपयोगी पडतो तो एच-रिफ्लेक्स. गुडघ्यामागच्या खळग्यात विजेचा हलका झटका देतात आणि पोटरीवर नोंद घेतात. संदेश एस-१ नसेच्या मुळातून मज्जारज्जूत जाऊन परततो. साधारण ३० मिलिसेकंद लागतात, उंच माणसाला थोडे जास्त. म्हणून दोन्ही पायांची तुलनाच महत्त्वाची. दीड-दोन मिलिसेकंदांहून अधिक फरक असेल, किंवा दुखऱ्या पायात नोंदच मिळत नसेल, तर एस-१ नस दबल्याचा संशय बळावतो. तुमच्या रिपोर्टमध्ये दोन्ही पायांचे आकडे आहेत का, आधी बघा. साठीनंतर किंवा जुन्या मधुमेहात मात्र एच-रिफ्लेक्स दोन्हीकडे गायब असू शकतो.

चिठ्ठीवर नुसतं ‘एनसीव्ही’ असलं की सुईची ईएमजी (स्नायूत बारीक सुई घालून त्यातली विजेची हालचाल बघणारी चाचणी) राहून जाते, आणि आमच्या मते या दुखण्यात तीच जास्त बोलते. तंतू तुटल्याच्या खुणा कमरेच्या स्नायूंत आठ-दहा दिवसांनी, पोटरीत सुमारे तीन आठवड्यांनी उमटतात. पाचवा दिवस फार लवकरचा. डाव्या पायाच्या चवड्यावर दहा वेळा टाच उचलून पाहा. टाच उचलत नसेल तर डॉक्टरांना लगेच दाखवा आणि तीन आठवडे झाल्यावर ईएमजी करून घ्या. ताकद शाबूत आणि नुसती कळ असेल, तर ईएमजीही नॉर्मल येऊ शकते. सुईला हालचालीचे तंतूच कळतात.

लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल लुळं पडू लागलं, तर कुठल्याच चाचणीसाठी थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

चाचणीला जाताना मालिशचं तेल लावू नका. पाय गार असतील तर आधी शेकून घ्या, गारठ्यात वेग खोटाच कमी दिसतो. रक्त पातळ करणारी गोळी किंवा पेसमेकर असेल तर आधीच सांगा.