मराठी नाव टाकलं की प्रोग्राम बंद का पडतो?

प्रश्न : नमस्कार सर, मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिलेल्या ओळीत अक्षरं, आकडे, स्पेस किती ते मोजायचा सीमध्ये प्रोग्राम लिहिलाय, सीटाइप डॉट एच या हेडर फाइलमधली इजअल्फा (अक्षर आहे का), इजडिजिट (आकडा आहे का), इजस्पेस (स्पेस आहे का) ही फंक्शनं वापरून. आधी इजअल्फा 1 देतंय का असं तपासत होतो तर लिनक्सवर सगळंच शून्य. ती अट काढल्यावर इंग्रजी बरोबर आलं, पण 'संध्या' टाकलं की अक्षरं शून्य, आणि मैत्रिणीच्या विंडोजवर तर प्रोग्राम एरर देऊन बंदच पडतो. असं का?

उत्तर : 1 चं आधी सांगतो. ही फंक्शनं 'हो' म्हणजे शून्य सोडून कुठलाही आकडा देतात, लिनक्सच्या जीलिबसी या सी लायब्ररीत इजअल्फा बऱ्याचदा 1024 देतं, त्यामुळे शून्य आहे की नाही एवढंच बघायचं.

खरी गोम पुढे आहे. या फंक्शनला अक्षर बिक्षर काही कळत नाही हो, त्याला 0 ते 255 मधला आकडा लागतो, नाहीतर ईओएफ, म्हणजे फाइल संपल्याची खूण, आणि त्या आकड्यावरून ते बहुतेक वेळा एका टेबलमध्ये बघून उत्तर देतं. आता यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे युनिकोड मजकूर बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं एकेक चिन्ह 3 बाइटचं असतं. 'स' म्हणजे 224, 164, 184. पण तुमच्या पीसीवर साधा 'चार' हा डेटा टाइप साइन्ड, म्हणजे उणे आकडेही धरणारा, असतो, म्हणून तेच आकडे -32, -92, -72 होऊन आत जातात, टेबलच्या बाहेर! स्टँडर्डप्रमाणे मग काहीही होऊ शकतं. विंडोजवरचा व्हिज्युअल स्टुडिओ डीबग बिल्डमध्ये, म्हणजे चुका शोधायला बनवलेल्या प्रोग्राममध्ये, ही चूक पकडून तिथेच थांबवतो, आणि ते चांगलंच आहे, लिनक्सवर गुपचूप शून्य येतं आणि चूक लपून राहते. म्हणून फंक्शनला देताना दर वेळी 'अनसाइन्ड चार' या टाइपमध्ये कास्ट करा, म्हणजे आकडा उणे होणार नाही, ही सवय आत्ताच लावून घ्या.

कास्टने प्रोग्राम पडायचा थांबेल, मराठी मात्र मोजली जाणार नाही, कारण सुरुवातीच्या 'सी' लोकॅलमध्ये, म्हणजे भाषेच्या मूळ सेटिंगमध्ये, इजअल्फाला फक्त इंग्रजी 52 अक्षरं माहीत असतात. मराठी मोजायला सेटलोकॅल फंक्शनने लोकॅल बदलून मजकूर वाइड कॅरेक्टरमध्ये, म्हणजे एका बाइटपेक्षा मोठ्या कॅरेक्टर टाइपमध्ये, घ्या आणि डब्ल्यूसीटाइप डॉट एच मधलं इजडब्ल्यूअल्फा वापरा. तरी 'संध्या'त अनुस्वार, हलन्त, काना धरून 6 चिन्हं आहेत, आणि त्यातल्या कशाला अक्षर म्हणायचं ते सगळ्या लायब्रऱ्या सारखंच ठरवतील असं धरू नका, तुमचा नियम तुम्हीच लिहा. आणि '५' सारखे आकडे मोजायचे असतील तर इजडब्ल्यूडिजिट कामाचं नाही, स्टँडर्डप्रमाणे त्याला इंग्रजी 0 ते 9 च चालतात, सरळ युनिकोडमध्ये 2406 ते 2415 (दशमान) ची रेंज तपासा.