दिवे जरूर घ्या, पण झुंबर नको आणि हप्ताही नको

प्रश्न : आम्ही वाईचे. आजोबांनी १९३५ च्या सुमारास बांधलेलं घर यंदा दुरुस्त केलं. खालचं वायरिंग नवीन केलं, खर्च आवरायला माडीवरचं जुनंच ठेवलं. आता घराला शोभतील असे जुन्या धाटणीचे दिवे लावायचे आहेत. कोटेशन २ लाख ६० हजारांचं आलंय : माजघरात झुंबर ८५,०००, ओसरीवर सहा हंड्या ५७,०००, भिंतीवरचे आठ ब्रॅकेट ४८,०००, जेवणघरात तीन पितळी लटकते दिवे २४,०००, अंगणात चार कंदील २६,००० आणि ४० वॉटच्या २० फिलामेंट बल्बांसह फिटिंग २०,०००. दुकानदार बारा महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय देतो, रोख दिले तर ८ टक्के सूट. तो म्हणतो, अशा वस्तूंची किंमत वाढतच जाते. माझं वय ५२, हातात महिना ७८,००० येतात, घरखर्च ४५,०००, मुलीच्या शिक्षणाला ९,०००, एसआयपी १०,०००. तीन लाखांची एफडी आहे. ती मोडू की हप्ते घेऊ? पुढे होमस्टे करायचा विचार आहे. माळ्यावर आजोबांच्या दोन हंड्याही पडून आहेत, एकीची काच फुटली आहे.

उत्तर : तुमच्या पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग दिव्यांचा नाही, माडीवरच्या वायरिंगचा आहे. नव्वद वर्षांच्या घरात लाकडी पट्ट्यांवरून गेलेल्या जुन्या वायरी असतील, तर त्यांचं वेष्टन ठिसूळ झालेलं असतं आणि अर्थिंग बहुधा नसतंच. त्याच वायरीला पितळी, म्हणजे धातूचा दिवा जोडला आणि आत कुठे वायर उघडी पडली, तर दिव्याच्या अंगात करंट उतरतो. वर लाकडी तुळया आहेत. म्हणून पहिले पैसे तिथे. माडीवर आयएसआय शिक्क्याची नवी वायर, प्रत्येक पॉइंटला अर्थिंग आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच. यासाठी मी ६०,००० धरतो. परवानाधारक ठेकेदाराकडून लेखी अंदाज घेऊन तो आकडा पक्का करा.

आता हप्त्याकडे येऊ. रोखीत तेच सामान २,३९,२०० ला मिळतंय, हप्त्यात २,६०,००० ला. म्हणजे २०,८०० रुपये हे व्याजच आहे, फक्त त्याला व्याज म्हटलेलं नाही. बारा समान हप्त्यांत त्याचा वार्षिक दर साडेपंधरा टक्क्यांच्या आसपास जातो. क्रेडिट कार्डावर घेतलंत तर प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी वेगळा. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही. शिवाय हप्ता होतो २१,६६७ चा आणि सगळे खर्च वजा जाता तुमच्या हातात १४,००० उरतात. उरलेले साडेसात हजार दर महिन्याला कुठून आणणार? एसआयपी थांबवून. बावन्नाव्या वर्षी ती थांबवू नका, असं मी कळकळीने सांगतो.

एफडीलाही हात लावू नका. घरखर्च ४५,००० असताना सहा महिन्यांची गंगाजळी २,७०,००० होते. तुमची एफडी म्हणजे तीच गंगाजळी आहे. ती मोडून छताला टांगली आणि घरात कुणाचं आजारपण निघालं, तर महागड्या कर्जाशिवाय दुसरा रस्ता राहणार नाही.

किंमत वाढते म्हणाल, तर तेही तपासून पाहू. भारतात १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार किमान शंभर वर्षं जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते. कोटेशनमधला माल जुन्या धाटणीचा आहे, जुना नाही. दहा वर्षांनी विकायला गेलात तर खऱ्या पितळेला मोडीचा भाव मिळेल, मुलामा दिलेल्या लोखंडाला तोही नाही. म्हणून दुकानात खिशात लोहचुंबक घेऊन जा. पितळेला तो चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वाईच्या पावसात अंगणातला कंदील दोन-तीन वर्षांत गंजेल. अंगणात उघड्यावर राहणारा दिवा आयपी ६५ दर्जाचाच, म्हणजे धूळ आणि पाण्याचा मारा आत न शिरू देणारा हवा. हा खर्च हौसेचा आहे. हौस असावी, मी तिच्या विरोधात अजिबात नाही, पण ती गुंतवणुकीच्या खात्यात मांडू नका.

माजघर मोजा. जुन्या घरांत तुळईखाली साधारण साडेनऊ फूट मिळतात. साखळीसकट तीन फुटांचं झुंबर टांगलं की खाली साडेसहा फूट उरले. उंच माणसाच्या डोक्याला ते जेमतेम चुकेल, आणि समारंभाला माजघर भरलं की सगळे ते चुकवत चालतील. त्याचं वजन पेलायला तुळईत हूक मारावा लागेल तो वेगळाच. ८५,००० वाचवा. त्याऐवजी कोनाड्यांच्या वरच्या कडेला आतून छोटे उबदार एलईडी दिवे बसवा. दगडी कोनाड्यातून झिरपणारा उजेड माजघराला जितका शोभतो, तितकं कुठलंही झुंबर शोभणार नाही, हे माझं ठाम मत आहे.

सहा हंड्याही नकोत. माळ्यावरच्या दोन खाली काढा. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत पितळकाम करणारे कारागीर अजून आहेत. साखळी-झाकण उजळून घ्या, नवा होल्डर आणि वायर घाला, फुटलेल्या काचेच्या मापाची काच मुंबईच्या चोर बाजारात शोधा. आठ-दहा हजारांत काम व्हावं. ओसरीला दोन हंड्या पुरतात, आणि त्या तुमच्या आजोबांच्या आहेत.

बल्बचा हिशोब छोटा दिसतो, पण तो दर महिन्याला परत येतो. ४० वॉटचे २० बल्ब रोज पाच तास म्हणजे महिन्याला १२० युनिट. तसेच दिसणारे ४ वॉटचे एलईडी फिलामेंट बल्ब घेतले तर १२ युनिट. सगळे आकार धरून १० रुपये युनिट मानला तरी फरक महिना १,०८० रुपये, वर्षाला जवळजवळ १३,०००. महावितरणचे दर १०० आणि ३०० युनिटांच्या टप्प्यांवर चढतात, तेव्हा वरच्या टप्प्यात गेलात तर याहून जास्त. एलईडी बल्ब २७०० केल्व्हिनचा, म्हणजे उबदार पिवळसर उजेडाचा मागा. त्याहून पिवळा अंबर काचेचा बल्ब दिसायला छान, पण त्याखाली पेपर वाचता येत नाही. खोक्यावर वॉटबरोबर ल्युमेन, म्हणजे उजेड किती पडतो तेही बघा.

माझी यादी अशी : वायरिंग ६०,०००, जेवणघरातले तिन्ही लटकते दिवे २४,०००, माडीच्या जिन्याला आणि ओसरीला मिळून चार ब्रॅकेट २४,०००, दोन कंदील १३,०००, हंड्यांची दुरुस्ती १०,०००, एलईडी बल्ब आणि कोनाड्यांचे दिवे ८,०००. एकूण १,३९,०००. महिना १४,००० बाजूला टाकलेत तर दहा महिन्यांत हे पैसे उभे राहतात. पहिल्या पाच महिन्यांच्या पैशांतून वायरिंग उरका, मग दिवे एकेक खोलीने, रोखीत, ८ टक्के सूट घेऊन आणि जीएसटीच्या पक्क्या बिलावर.

होमस्टेसाठी म्हणून आत्ता जास्त दिवे घेऊ नका. मेणवलीचा वाडा बघायला किंवा पाचगणीला जाताना थांबणारा पाहुणा आधी स्वच्छ न्हाणीघर, गरम पाणी आणि गाडी लावायची जागा विचारतो. राज्याच्या पर्यटन संचालनालयाकडे निवास व न्याहारी योजनेची चौकशी करा, खोल्या किती द्यायच्या ते ठरवा. त्या खोल्यांचे दिवे नंतर व्यवसायाच्या खर्चात घालता येतील, त्यासाठी बिलं वेगळी ठेवा.

उद्याच करायचं काम एकच : दुकानदाराला सांगा की झुंबर आणि हंड्या काढून, प्रत्येक दिव्याचा धातू, वजन आणि होल्डरचा प्रकार लिहून नवं कोटेशन द्या. होल्डर पिनचा की आट्यांचा ते कळल्याशिवाय बल्ब घेऊ नका.