मराठी शाळेत शिकलोय, हॉटेलात परदेशी पाहुण्यांना माझं इंग्रजी कळत नाही. उच्चार कसे सुधारू?

तुम्ही पेडण्याचे, आता कळंगुटला रिसेप्शनवर. पाहुणे सारखे ‘पार्डन?’ म्हणतात, मग कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला सहकारी पुढे होतो आणि तुम्ही गप्प बसता, असं लिहिलंय. गप्प बसू नका, आणि त्याची ढबही उचलायला जाऊ नका. मीही फ्रंट ऑफिसात आहे. नव्या मुलांना सांगते, जिथे अर्थ अडतो तेवढंच आधी नीट करा.

जेनिफर जेन्किन्स या ब्रिटिश भाषातज्ज्ञ बाईंनी 2000 साली हेच मांडलं. दोघांचीही मातृभाषा इंग्रजी नसेल, तर ‘थँक यू’मधल्या आपल्या ‘थ’ने काही बिघडत नाही. आपल्याकडचे रशियन पाहुणे आठवा, त्यांची तरी कुठे इंग्रजी मातृभाषा आहे!

बिघडतं ते प, ट, क मुळे. शब्दाच्या सुरुवातीला इंग्रज माणूस हे उच्चारताना हवा सोडतो. आपण कोरडा प म्हणतो, त्यामुळे त्याला ‘पार्किंग’चं ‘बार्किंग’ ऐकू येऊ शकतं. हवा सोडून म्हटलेले प, ट, क म्हणजे जवळपास आपले फ, ठ, ख. ठ, ख तर आपल्याला लहानपणापासून येतात, फ तेवढा ओठ पूर्ण मिटून म्हणायचा. तोंडासमोर टिश्यू धरून ‘पूल’, ‘टॅक्सी’, ‘की’ म्हणा. कागद हलला पाहिजे.

दुसरं, ऱ्हस्व-दीर्घ. आपण ते वहीत पाळतो, बोलताना नाही. ‘बेडशीट’मधली ई आखूड झाली तर चक्क शिवी होते. ओठ ताणा, ई लांबवा. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’चा घोळ तर थेट बिलात येतो. ‘टीन’वर जोर द्या, आणि आकडा पुन्हा सुटा सांगा: वन, फाइव्ह. मी अजूनही सांगते.

‘व्हिला’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागू देत. ‘वाइन’ला ओठ गोल, दात ओठापासून दूर.

आणि सगळे शब्द एकाच वजनाने म्हणू नका. ‘पूल क्लोजेस ॲट सेव्हन’ यात पाहुण्याला हवं असतं ते ‘सेव्हन’, जोर तिथे द्या.

केंब्रिजच्या ऑनलाइन शब्दकोशात उच्चार फुकट ऐकता येतात. ड्युटीवर रोज लागणारी वाक्यं आधी घ्या, फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. लगेच ऐकलं तर आपली चूक आपल्याला कळत नाही.