वावर गहाण ठेवायच्या आधी

तुझं पत्र दोनदा वाचलं. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालीस, दिग्रसच्या बाजूला राहतेस. अमेरिकेतल्या एका पक्षी केंद्रावर शाळेच्या मुलांना गाणाऱ्या पक्ष्यांबद्दल शिकवायची हंगामी जागा निघाली आहे आणि त्यासाठी बाबा दोन एकर वावर गहाण ठेवायला तयार आहेत. "ताई, जाऊ का?" असं विचारलंस.

आधी वावराचं. ठेवू नका. ही नोकरी एप्रिलपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतची, म्हणजे आपल्या सोयाबीनच्या पिकापेक्षाही कमी दिवसांची. एवढ्या मिळकतीत विमानाचं तिकीट आणि सावकाराचं व्याज दोन्ही निघत नाही. शिवाय जाहिरातीत अगदी खाली एक ओळ असते: अमेरिकेत काम करायचा हक्क आधीपासून असणाऱ्यांनीच अर्ज करावा. ती ओळ मनावर घे. अशी केंद्रं लहान असतात, देणग्यांवर चालतात. एका हंगामासाठी कोणाच्या व्हिसाचे कागद करायला त्यांच्याकडे पैसाही नसतो आणि माणूसही. पर्यटक व्हिसावर येऊन राहण्या-जेवणाच्या बदल्यात राबायचं, असं कोणी सुचवलं तर ऐकू नकोस. तेही कामच धरलं जातं आणि पुढची दारं बंद होतात.

खऱ्या वाटा दोन. पहिली जे-१ व्हिसाची, म्हणजे काही काळ येऊन शिकण्या-अनुभवासाठीच्या व्हिसाची. त्याला मान्यताप्राप्त प्रायोजक संस्था लागते. पदवी मिळून १२ महिने झाले नसतील तर इंटर्न म्हणून जाता येतं. त्यानंतर ट्रेनी म्हणून, पण त्यासाठी पदवीबरोबर त्याच क्षेत्रातला अमेरिकेबाहेरचा एक वर्षाचा अनुभव दाखवावा लागतो. दुसरी वाट माझी. मी कारंजाजवळच्या गावची, ११ वर्षांपूर्वी इथे अमेरिकेत एम.एस. करायला आले, विद्यापीठात वर्ग घेऊन फी भागवली. शिक्षण संपल्यावर त्याच विषयात १२ महिने काम करायची मुभा मिळते, तिला ओपीटी म्हणतात. पण त्या काळात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. हंगामी काम करणाऱ्याच्या मानेवर हीच तलवार असते. माझा वसंताचा हंगाम जूनच्या सुरुवातीला संपला, शरदाचा ऑगस्टच्या मध्याला सुरू होणार होता. मधले ७० दिवस मोजले जाणार, आणि नोकरी शोधण्यात काही आधीच गेले होते. मग एका निसर्ग केंद्रात आठवड्याला २० तास बिनपगारी काम केलं. विषयाला धरून असेल तर तेही चालतं, म्हणून निभावलं.

आता कामाबद्दल, कारण तुझ्या पत्रात पक्षीच पक्षी आहेत आणि मुलं कुठेच नाहीत.

आमचं केंद्र अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या ऑन्टारियो सरोवराच्या दक्षिण काठावर. वसंतात उत्तरेकडे निघालेले पक्षी एवढं पाणी ओलांडायच्या आधी काठावरच्या झुडपांत उतरतात, पोट भरतात. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी जाळी उघडायची. एकेक जाळं १२ मीटर लांब, माणसाच्या डोक्याच्या वर जाणारं आणि इतकं बारीक की समोर उभं राहिलं तरी दिसत नाही. दर अर्ध्या तासाने फेरी मारायची, सापडलेला पक्षी सोडवून कापडी पिशवीत घालायचा. पाऊस किंवा वारा आला की जाळी बंद. मग टेबलावर पायात नंबर कोरलेली ॲल्युमिनियमची कडी, पंखाची लांबी, वय, वजन. हे सगळं सरकारी परवाना असलेला माणूस करतो. तुला सुरुवातीला पक्ष्याला हातही लावता येणार नाही. तू त्या टेबलाच्या आणि तीस पोट्ट्यांच्या मध्ये उभी असशील.

वजन करायच्या आधी एक गोष्ट होते, तिच्यासाठी मी मुलांना जवळ बोलावते. पक्ष्याच्या गळ्याखाली हलकेच फुंकर मारली की पिसं दुभंगतात. आतली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, आणि खळग्यात पिवळी चरबी दिसते. मी सांगते, ही त्याची शिदोरी. मग विचारते, एवढ्या शिदोरीवर हा कुठवर जाईल? ब्लॅकपोल वॉर्बलर नावाचा पक्षी, १२ ग्रॅमचा, चिमणीच्या निम्म्या वजनाचा. शरदात तो चरबी साठवतो आणि उत्तर अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरून अटलांटिक महासागरावर निघतो. दोन-तीन दिवस कुठेही न उतरता थेट कॅरिबियन बेटं गाठतो. पाठीवर चिमुकली यंत्रं बांधून हे २०१५ मध्ये सिद्ध झालं. हे ऐकताना वर्ग गप्प होतो. त्या शांततेत मी सांगते की १९७० पासून अमेरिका आणि कॅनडात मिळून जवळपास २९० कोटी पक्षी कमी झाले, आणि आपल्या खिडकीची काच, आपली मांजर यांचाही त्यात वाटा आहे. हा आकडा आधी सांगितला तर कानावरून जातो. चरबी पाहिल्यावर सांगितला तर मुलं घरी जाऊन पक्षी आपटू नयेत म्हणून काचेला पट्ट्या चिकटवतात.

एकदा एक पोरगा सकाळभर कोणाला बोलू देत नव्हता. परवानगी घेऊन त्याच्या तळहातावर कॅटबर्ड नावाचा पक्षी ठेवला. पक्षी क्षणभर तसाच पडून राहिला, मग उलटला आणि झुडपात गेला. पोरगा हात तसाच उघडा धरून उभा. बऱ्याच वेळाने म्हणाला, "तो गरम होता."

मला हे काम कसं मिळालं, तेही सांगते. मुलाखतीत म्हणाले, नऊ वर्षांच्या मुलांना स्थलांतर समजावून सांगा. मी आजोबांच्या ज्वारीच्या मचाणावर कशी बसायची ते सांगितलं. हातात गोफण, आणि भोरड्यांचा थवा ढगासारखा कणसांवर उतरायचा. त्यांना हाकलताना घसा बसायचा. त्या मध्य आशियातून येतात हे मला बी.एस्सी.ला कळलं, आणि इतक्या दुरून आलेल्या पाहुण्यांना मी गोटे मारले म्हणून वाईट वाटलं. आजोबांचं नुकसानही खोटं नव्हतं, तेही सांगितलं. एवढ्यावर घेतलं मला.

त्रासही लिहिते. माझ्या पहिल्या हंगामात राहायची सोय होती, पण किराणा दुकान २० किलोमीटरवर, बस नाही, मला गाडी येत नाही. तीन आठवडे ब्रेड आणि बटाट्यांवर काढले, कोणाला सांगायची लाज वाटली. तू आत्ताच चारचाकीचं लायसन्स काढ आणि खरोखर चालव. एप्रिलच्या पहाटे इथे पाणी गोठतं आणि मेमध्ये गवतात गोचिड्या असतात, त्यांच्यामुळे लाइम नावाचा आजार होतो. पँट मोज्यात खोचूनच हिंडायचं. आरोग्य विम्याशिवाय तर पाऊलच टाकू नकोस.

आता तिथे बसून काय करशील? घरी जाळं लावून सराव मात्र करू नकोस, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे. रिंगिंग, म्हणजे पक्ष्यांच्या पायात कडी घालायचं काम, शिकायचं तर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे चौकशी कर. त्यांचं हे काम कित्येक दशकांचं आहे, तमिळनाडूत कोडीकराईला त्यांचं केंद्र आहे. तिथे किंवा आपल्याकडच्या एखाद्या संस्थेत वर्षभर काम मिळालं तर ट्रेनीच्या अर्जाला तोच अनुभव लागू पडेल, आणि वावरही घरातच राहील.

आणि ५ ते १२ नोव्हेंबरला पक्षी सप्ताह असतो. गावच्या शाळेतली सातवी घेऊन अरुणावती धरणावर जा. दुर्बीण एकच असली तरी चालेल. पाण्यावरची बदकं दाखव, धुऱ्यावरच्या बोरीत वटवट्या ऐकव. घरी आल्यावर कोणत्या पोट्ट्याने काय विचारलं आणि तू काय उत्तर दिलंस ते वहीत लिही आणि मला पाठव. तुझा अर्ज आपण दोघी मिळून त्यातूनच लिहू. बाबांना माझा नमस्कार सांग, आणि लिहिलेलं हे त्यांना मोठ्याने वाचून दाखव.