एमआरचा टक्का सांगायची घाई करू नकोस

प्रिय मित्रा,

मेल मिळाला, ग्राफही बघितला. कोबाल्ट-कॉपरची फिल्म, खोलीच्या तापमानाला साधारण तीन टक्के एमआर (मॅग्नेटोरेझिस्टन्स, म्हणजे चुंबकीय फील्ड लावल्यावर रेझिस्टन्स किती टक्के बदलतो ते), आणि खाली तुझी ओळ, "सर, सॅच्युरेट होत नाहीये, सॅम्पल खराब आहे का?" अरे, खराब कशाला असेल! ग्रॅन्युलर फिल्म, म्हणजे एका धातूत दुसऱ्याचे बारीक दाणे विखुरलेली, अशीच वागते. छोटे ग्रेन सुपरपॅरामॅग्नेटिक असतात, उष्णतेने त्यांची दिशा सारखी हलत राहते, त्यांना सरळ करायला तुमच्या इलेक्ट्रोमॅग्नेटचं एक-दीड टेस्ला पुरत नाही. म्हणून वक्र सॅच्युरेट होत नाही, म्हणजे सपाट न होता खाली उतरतच राहतो.

1988 ला फेर आणि ग्रुनबर्गच्या ग्रुपांनी लोखंड-क्रोमियमच्या थरांत जीएमआर, म्हणजे जायंट एमआर, दाखवला (2007 चं नोबेल त्याचंच), तेव्हा सगळ्यांना वाटलं की नॅनोमीटरभर जाडीचे थर नीट रचल्याशिवाय हे जमायचं नाही. मग 1992 ला बर्कोविट्झचा सॅन दिएगोचा ग्रुप आणि चिएनचा जॉन्स हॉपकिन्सचा ग्रुप, दोघांचे पेपर एकाच अंकात पाठोपाठ आले की थर नसले तरी चालतं, तांब्यात कोबाल्टचे दाणे विखुरलेले असले तरी पुरे. फील्ड नसताना दाण्यांचं म्हणजे एसटी स्टँडवरच्या गर्दीसारखं, ज्याचं तोंड त्याच्या दिशेला, त्यामुळे दोन्ही स्पिनचे इलेक्ट्रॉन कुठे ना कुठे अडतात. फील्ड लावलं की सगळे एका दिशेला वळतात, मग एका स्पिनच्या इलेक्ट्रॉनांना रस्ता मोकळा मिळतो आणि रेझिस्टन्स पडतो.

आता कामाचं. तीन टक्के कुठून आले ते आधी ओळख, गाइडला आकडा नंतर सांग. फील्ड करंटला समांतर, मग फिल्मच्या प्लेनमध्येच पण करंटला आडवं, मग फिल्मला लंब, तिन्ही घे. जीएमआर असेल तर तिन्हीकडे रेझिस्टन्स खालीच जाईल, लंब दिशेला डिमॅग्नेटायझेशनमुळे (फिल्मच्या स्वतःच्या उलट फील्डमुळे) वक्र थोडा ताणलेला दिसेल इतकंच. समांतरमध्ये वर आणि आडव्यात खाली जात असेल तर तो साधा एएमआर (अ‍ॅनायसोट्रॉपिक, म्हणजे करंट आणि चुंबकत्वाच्या दिशेतल्या कोनावर ठरणारा एमआर), कोबाल्टचे दाणे एकमेकांना चिकटून सलग झाले असतील. आणि मॅट्रिक्स, म्हणजे दाण्यांच्या भोवतीचा पदार्थ, ऑक्साइडचं असेल, म्हणजे कोबाल्ट-अ‍ॅल्युमिना वगैरे, तर गोष्ट टनेलिंगची, इलेक्ट्रॉन ऑक्साइडच्या अडथळ्यातून आरपार जातात, तिथे थंड केलं की रेझिस्टन्स वाढतो, तुझ्याकडे कमी व्हायला हवा. एकदा कूलिंग रन करून टाक.

दुसरं, त्याच तुकड्याचं व्हीएसएम (व्हायब्रेटिंग सॅम्पल मॅग्नेटोमीटरवर चुंबकत्वाचं मापन) कर आणि एमआर हा एम भागिले एम-एस च्या वर्गासमोर प्लॉट कर, एम म्हणजे चुंबकत्व, एम-एस म्हणजे त्याची कमाल किंमत. सरळ रेषेच्या जवळ आलं तर छान, पण कमी फील्डला रेषा वाकली तर डेटा फेकू नकोस, खरी मजा तिथेच आहे. एम मध्ये मोठे दाणे आवाज करतात कारण तिथे आकारमान मोजलं जातं, एमआर मध्ये छोटे, कारण स्कॅटरिंग जास्त करून पृष्ठभागावर होतं. दोघांचे वक्र जुळत नाहीत यावरून दाण्यांच्या आकारात किती फरक आहे आणि ते एकमेकांना किती ओढतात याचा अंदाज येतो. हे एका टक्क्याच्या आकड्यात कधीच दिसणार नाही.

व्हीएसएमला स्टीलचा चिमटा वापरू नकोस, प्लास्टिकचाच घे, फिल्मचा सिग्नल इतका बारीक असतो की कडेला लागलेला लोखंडाचा कण तुझ्या कोबाल्टपेक्षा जोरात बोलतो. फिल्मखालच्या सिलिकॉनचा डायमॅग्नेटिक (फील्डला किंचित विरोध करणारा) भाग वजा करायला कोरा सबस्ट्रेट, म्हणजे फिल्म नसलेला तोच सिलिकॉन, वेगळा मोज. रेझिस्टन्स फोर-प्रोबनेच (करंट दोन टोकांतून, व्होल्टेज दुसऱ्या दोन टोकांवर), आणि प्रत्येक पॉइंटला करंट उलटा करून सरासरी घे म्हणजे थर्मल ईएमएफ, तापमानाच्या फरकाने येणारं फालतू व्होल्टेज, जाईल. आणखी एक, मॅग्नेट तापतो तसं सॅम्पलही तापतं, शुद्ध तांब्याचा रेझिस्टन्स एका अंशाला साधारण 0.4 टक्के बदलतो, तुझ्या मिश्रणात कमी, पण तरी तीन टक्के मोजताना ते चालणार नाही, सॅम्पलशेजारी थर्मामीटर लाव.

अ‍ॅनीलिंग, म्हणजे फिल्म तापवून ठेवणं, एकदम 500 अंशांना नको. व्हॅक्यूममध्ये 200 पासून चढत जा, प्रत्येक पायरीला एमआर. आधी वाढेल, मग पडेल, कारण दाणे मोठे झाले की पृष्ठभाग कमी होतो आणि अंतरं वाढतात. शिखर कुठल्या तापमानाला येतं ते तुझ्या कोबाल्टच्या प्रमाणावर ठरेल, पेपरातला आकडा उचलू नकोस. जास्त फील्ड हवंच असेल तर इंदूरच्या यूजीसी-डीएई सीएसआर या संशोधन केंद्राला प्रपोझल टाक, युनिव्हर्सिटीवाल्यांना ते मापनाची सोय देतात.

पुढच्या वेळी मला पीडीएफ नको, रॉ फाइल पाठव, फील्ड वर जातानाची आणि खाली येतानाची दोन्ही, आणि टक्का काढताना भागलास कशाने, शून्य फील्डच्या रेझिस्टन्सने की कमाल फील्डच्या, तेही लिही.